सूर्यास्तानंतरचे पत्र

एल्ब्रिज,
२२ मार्च १८०२

ती. हिटी आत्यास,
केझायाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असे पहिल्या ओळीत लिहायची सवय आहे. या वेळी ते खरे नाही, म्हणून लिहीत नाही.

गुरुवारी विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रात बाबांच्या नावाचे एक जुने पत्र छापून आले. कात्रण सोबत पाठवते. तारीख १५ मे १७७९. लॅम्बर्ट ॲशबी नावाच्या कोणा गृहस्थाला लिहिलेले आहे. चारच ओळी आहेत. सूर्य मावळला आहे, घाईने लिहितो. सोमवारी सकाळी तुला पकडायला शिपाई येतील. उद्या गाव प्रार्थनेला बसले असेल तेव्हा नदी ओलांड. हे जाळून टाक. खाली सही, अमासा विंटन.

संपादक पुढे म्हणतात की स्वातंत्र्याच्या लढाईत हा ॲशबी इंग्रज राजाचा माणूस होता, आणि त्याच उन्हाळ्यात इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावरची गावे जाळली. त्यांना वाट कोणी दाखवली असेल ते वाचकांनीच ओळखावे. आणि अशा माणसाला पळवून लावणारा गृहस्थ आज वरिष्ठ न्यायालयात बसून इतरांना शिक्षा सुनावतो!

मे महिन्यात हार्टफर्डला विधिमंडळाच्या सभेत न्यायाधीशांची दरसालची फेरनेमणूक होते. सोळा वर्षे बाबांचे नाव कोणी हरकत न घेता वाचले गेले. या वेळी तसे होणार नाही.

बाबांनी ते छापलेले वाचले, घडी घातली, आणि मक्याची भाकरी आज करपली आहे असे आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मिसेस टटलना सांगितले. बस्स. पत्र खरे की खोटे, एक शब्द नाही. एरवी शेजाऱ्याच्या कुंपणावरून अर्धा तास युक्तिवाद करणारा माणूस! मी दारातून त्यांच्याकडे चोरून बघू लागले आहे आणि त्याची मलाच लाज वाटते.

वकील कील काल आले होते. बाबांचे जुने स्नेही आणि आता पक्षाचे पुढारी, त्यामुळे बसण्याआधीच बोलू लागले. मी बाबांचे छोटे चरित्र लिहावे, ते आपल्या बाजूच्या पत्रात छापू, असे म्हणाले. बाबांनी घरी शिकवलेली मुलगी म्हणून माझी भाषा नीट आहे, आणि बाईमाणूस म्हणून माझ्यावर कोणी फिर्याद करणार नाही, अशी दोन कारणे त्यांनी दिली. मी हो म्हटले. पण मला ठाऊक नसलेले मी लिहिणार नाही. म्हणून विचारते: बाबांनी चामड्याचा धंदा केव्हा सोडला? लढाईच्या काळात काँग्रेसच्या प्रतिनिधिसभेत किती वर्षे होते? आणि मे १७७९ मध्ये ते कुठे होते? तू तेव्हा आमच्याच घरी होतीस ना?

उत्तर लवकर पाठव. तुझ्या मायेवर माझा नेहमीसारखाच हक्क आहे असे धरून चालते.

तुझी,
केझाया


ग्रीनहिल,
२९ मार्च १८०२

चि. केझाया हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून शेजारीण म्हणाली की ही पोरगी चरित्र लिहिते आहे की उलटतपासणी घेते आहे. बापाची लेक शोभतेस.

लिही. तुझे आजोबा कातडी कमवत. अमासा बारा वर्षांचा असल्यापासून हौदापाशी उभा असे आणि लॅटिन पुस्तक खुंटीला टांगून पाठ करी. अंगाचा असा वास येई की शाळामास्तर त्याला खिडकीबाहेर उभा करून शिकवायचे. कातडे तासायच्या सुरीने त्याची करंगळी अर्धी कापली गेली, तेव्हा रडला नाही, फक्त पुस्तकावर रक्त पडले म्हणून हळहळला. एकविसाव्या वर्षी उसन्या पुस्तकांवर वकील झाला. पहिल्या खटल्यात तो इतका अडखळला की न्यायाधीशांनी त्याला पाणी देवविले, आणि तरी तो जिंकला, कारण समोरच्याने न वाचलेला कायदा याने वाचला होता. सत्त्याहत्तर साली काँग्रेसवर निवडून गेला. तिथे तीन वर्षांत फक्त चारदा बोलला आणि चारही वेळा लोकांनी मत बदलले, हे मात्र लिहीच. न्यायाधीश झाल्यावर घोडीवरून गावोगाव फिरून कोर्ट भरवायचा. एका चोराला शिक्षा दिली आणि हिवाळाभर त्याच्या बायकोकडे आपल्या घरचे सरपण पाठवले. तिला कोणी पाठवले ते कधी कळले नाही.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात तो कुठे होता ते मला आठवत नाही. मी चीज करण्यात गुंतले होते.

एक विचारते. ते पत्र त्या लोकांच्या हाती कसे लागले ते छापले आहे का? कोणी आणून दिले? कागद कसा आहे, फार हाताळलेला वाटतो का? सहज विचारले.

थंडी आहे, पायांत लोकरी मोजे घाल. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी आत्या,
मेहिटेबल विंटन


एल्ब्रिज,
६ एप्रिल १८०२

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ते पत्र खोटे आहे! निदान मला तसे वाटते. कसे ते ऐक.

मी माळ्यावरून १७७९चे पंचांग काढले. त्यात १५ मे हा शनिवार आहे. आणि पत्रात काय लिहिले आहे? सूर्य मावळला आहे! शनिवारचा सूर्य मावळल्यावर बाबांनी लेखणी हातात धरली आहे असे या गावात कोणी पाहिले आहे का? शनिवारी सूर्यास्ताला आपला रविवार सुरू होतो, मग दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत या घरात चाकू पाजळत नाहीत की अंथरूण झटकत नाहीत. एकदा ते सेनापतींना पत्र लिहीत होते, सूर्य गेला तसे वाक्य अर्धवट सोडून उठले आणि रविवारची सांज झाल्यावर पुढचा शब्द लिहिला. हे पत्र रचणारा इंग्रजी चर्चचा असणार. त्यांचा रविवार मध्यरात्री सुरू होतो, त्याला आपली रीत कशी ठाऊक असणार?

कील यांना सांगितले तर ते आमच्या स्वयंपाकघरात चक्क नाचले. मिसेस टटल म्हणाल्या की इतक्या वजनाच्या माणसाने जुन्या फळ्यांचा विचार करावा.

आता दुसरे. बाबा प्रत्येक पंचांगात कोरी पाने शिवून घेतात आणि त्यांवर रोजची टाचणे लिहितात हे तुला ठाऊक आहे. १७७९च्या पंचांगात एप्रिलचे पान आहे, जूनचे आहे. मे महिन्याचे कापलेले आहे. फाटलेले नव्हे, धारदार पात्याने सरळ कापलेले. मिसेस टटलना विचारले तर त्या रागावल्या, की त्या केक कापतात, इतिहास नाही. मग कोणी कापले?

शनिवारची गोष्ट मी बाबांना मोठ्या आनंदाने सांगितली. ते म्हणाले की युक्तिवाद उत्तम आहे, त्यात एवढीच एक खोट आहे की साक्षीदाराला तो खरा असावा असे फार वाटते. आणि उठून गोठ्यात गेले. आत्या, हे निर्दोष माणसाचे बोलणे आहे का?

तू विचारलेस म्हणून: तो ॲशबी उत्तरेला इंग्रजांच्या मुलखात, नोव्हा स्कोशियात राहत होता. गेल्या शरद ऋतूत वारला. त्याच्या पुतण्याने कागदपत्रे आवरताना हे पत्र सापडले आणि त्याने इकडे पाठवले. पण तू कागद हाताळलेला आहे का असे का विचारलेस? आणि ज्या बाईला बाबांच्या बाराव्या वर्षीचा वास आठवतो तिला १७७९चा मे कसा आठवत नाही? रागावू नकोस. आजकाल मला सगळ्यांचाच संशय येतो.

रागावलीस तरी लोभ आवरता घेऊ नकोस.

तुझी,
केझाया


हार्टफर्ड,
१२ एप्रिल १८०२

चि. केझाया हिस,
ओझायस कीलचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तू आमच्या सगळ्या वकिलांना घरी बसवलेस! तुझा शनिवार इथे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. आता फक्त त्यावर शपथेचा शिक्का हवा. सोबत प्रतिज्ञापत्राचा मसुदा आहे. दोनच गोष्टी आहेत: एक, माझे वडील शनिवारी सूर्यास्तानंतर कधीही लिहीत नाहीत आणि कधीही लिहिले नाही, दोन, छापलेल्या पत्राचे मूळ अक्षर त्यांचे नाही. शुक्रवारी, ३० तारखेला मी एल्ब्रिजला येतो, मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घेऊन सही कर. तुझ्याइतके त्यांचे अक्षर कोण ओळखते? लिहायला शिकलीस तीच मुळी त्यांचे अक्षर गिरवून.

मूळ पत्र बघायची तसदी घेऊ नकोस. ते लोक तुझा अपमान करतील. वडिलांनाही यात ओढू नकोस, त्यांचा स्वभाव तू जाणतेस, उगीच बारीकसारीक शंका काढत बसतील. विधिमंडळात चार मते इकडची तिकडे झाली तर सोळा वर्षांची सेवा मातीत जाईल, एवढे ध्यानात ठेव.

चांगल्या हवेची आणि तुझ्या सुवाच्य सहीची वाट पाहणारा,
ओ. कील


एल्ब्रिज,
१५ एप्रिल १८०२

ती. आत्यास,
नमस्कार. आज लांबलचक नमस्काराला हात चालत नाही.

तुझे उत्तर आले नाही. कील यांचे आले, ते सोबत वाच. बघू नकोस आणि विचारू नकोस असे ज्या कागदाबरोबर सांगतात, त्यावर सही कशी करू?

म्हणून काल मी त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. घरी सुया आणायला जाते असे सांगितले होते, ते खोटे ठरू नये म्हणून आधी सुया घेतल्या. संपादकाने अपमान वगैरे काही केला नाही. खुर्ची दिली, पत्र समोर ठेवले, आणि मी ते खाऊन टाकणार नाही ना असे हसून विचारले.

आत्या, अक्षर बाबांचे आहे. सहीखाली ते आडवी रेघ ओढतात ना, ती शेवटी जराशी वर उचलली जाते, कारण त्यांची करंगळी कागदावर नीट टेकत नाही. मी लहानपणी ती रेघही गिरवायची. माझी करंगळी धड आहे, तरी मी वर उचलायची, आणि बाबांनी हसून सांगितले होते की शिक्षकाची जखम शिकायची नसते. ही रेघ कोणी नक्कल करून काढलेली नाही.

आणि तू विचारलेस ते. कागद घड्यांवर झिजून आरपार फाटलेला आहे. आतून पातळ कापड लावून कोणी तरी तो काळजीपूर्वक चिकटवला आहे. जाळून टाक म्हणून सांगितलेले पत्र माणूस तेवीस वर्षे शंभरदा उघडून का वाचतो? नुसत्या जीव वाचल्याच्या आठवणीने?

बाबांनी शत्रूला का वाचवले? तो पुढे इंग्रजांना घेऊन आला का? जळालेल्या घरांतल्या माणसांचे पाप या घरावर आहे का? मी बाबांसमोर बसून जेवते आणि त्यांना मीठ देतानाही हेच डोक्यात असते. तुला ठाऊक आहे. ठाऊक नसते तर तू कागदाची चौकशी केली नसतीस. कील विचारू नकोस म्हणतात, बाबा सांगत नाहीत, निदान तू तरी मला फसवू नकोस. पंधरा दिवसांनी मला शपथ घ्यायची आहे.

केझाया


ग्रीनहिल,
२० एप्रिल १८०२

चि. केझाया हिस,
आशीर्वाद. ते आता तू घ्यावेस की नाही, ते वाचून ठरव.

पान मी कापले. सहा वर्षांपूर्वी तुझी आई गेली आणि मी महिनाभर तुमचे घर सांभाळले, तेव्हा. ते सोबत पाठवते आहे. त्यावर तुझ्या बाबांच्या अक्षरात १५ तारखेपुढे एवढेच आहे: ऊन, वारा पश्चिमेचा. सकाळी राज्यपालांच्या मंडळात सही केली. सूर्यास्तानंतर पत्र लिहिले, हिटीसाठी. एकाच दिवशी, एकाच हाताने.

हिटीसाठी. ते नाव कोणाच्या हाती लागू नये म्हणून कापले. सही कसली ते मी कधी विचारले नाही.

लॅम्बर्ट ॲशबी जमिनी मोजायचा. आमचे लग्न ठरले होते, म्हणजे आम्ही दोघांनी ठरवले होते, दुसऱ्या कोणाला विचारले नव्हते. तो इंग्रजी चर्चचा, राजाच्या बाजूचा. माझ्या भावाचे नाव राज्यभर काँग्रेसचा माणूस म्हणून दुमदुमत होते. अमासाला आमचे ठाऊक होते. तो आठवडाभरासाठी काँग्रेसमधून घरी आला होता. त्या शनिवारी सूर्य गेल्यावर मी त्याला टेबलापाशी लिहिताना पाहिले आणि मला वाटले की त्याला वेड लागले. त्याने कागद वाळूने सुकवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला की पोचव, आणि तुलाही जायचे असेल तर उद्याच जा, सोमवारी रस्त्यावर पहारे असतील.

पत्र मी पोचवले. पाव मैलच होते, आणि परमेश्वर त्याला दुसऱ्याचा जीव वाचवणे म्हणेल अशी मनाची समजूत घातली. लॅम्बर्ट म्हणाला की उद्या दुपारी दुसऱ्या प्रार्थनेच्या वेळी होडी आहे, दोघे जाऊ. मी म्हटले की रविवारी स्वतःच्या सुखासाठी मी उंबरा ओलांडणार नाही, सूर्य मावळला की येते. तो फार हसला. म्हणाला की तुझा सूर्य आणि माझा सूर्य वेगळा आहे काय. त्याला मी खरेच येणार नाही असे वाटले नसावे, आणि तो खरेच थांबणार नाही असे मला वाटले नाही. रविवारी सूर्य टेकडीआड गेला तशी मी गाठोडे घेऊन नदीवर गेले. होडी गेलेली होती.

भावाने माझ्यासाठी तो दिवस मोडला. मला माझ्यासाठी मोडता आला नाही.

गावे जाळायला तो आला नव्हता. जूनभर आणि जुलैभर तो खाडीपलीकडे लाँग आयलंडवर तापाने पडून होता; तिथल्या डॉक्टरांनी ते मला लिहिले होते, ते पत्र माझ्याजवळ आहे, हवे तर पाठवते. त्यानंतर मीच त्याला लिहू नकोस म्हणून कळवले. तू कात्रण पाठवलेस तेव्हा मला पहिली गोष्ट कळली ती ही, की तो आता नाही. जिवंतपणी त्याने तो कागद कोणाच्या हाती दिला नसता.

शपथेचे काय करायचे ते मी सांगणार नाही. सही केलीस तर अमासाची खुर्ची राहील. नाही केलीस तर लोक कोणासाठी म्हणून विचारतील, आणि तो सांगणार नाही. तेव्हा तू माझे नाव सांग. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, प्रार्थनाघरात बायका माझ्यापासून सरकून बसल्या तर मला ऐसपैस बसता येईल.

मनात राग धरलास तर धर, पण संबंध तोडू नकोस.

तुझी,
मेहिटेबल


एल्ब्रिज,
२५ मे १८०२

ती. हिटी आत्यास,
केझायाचा शि. सा. न. वि. वि.

मधे पाठवलेल्या चिठ्ठीत मी फक्त तुझे पत्र पोचल्याचे कळवले होते. आता सगळे लिहिते.

एप्रिलच्या ३० तारखेला मी मॅजिस्ट्रेटपुढे उभी राहिले. कील यांनी मसुदा वाचला आणि लेखणी शाईत बुडवून माझ्या हातात दिली. तेवढ्यात बाबा आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. दाराशी टोपी काढून ते मागच्या बाकावर बसले, जिथे बाजाराच्या दिवशी भांडखोर बसतात. मी लेखणी खाली ठेवली आणि सांगितले की हे मला शपथेवर म्हणता येणार नाही. मी मूळ पत्र पाहिले आहे, अक्षर माझ्या वडिलांचे आहे.

कील यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. लहान मुलींना जास्त शिकवले की असे होते, असे ते मॅजिस्ट्रेटना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, असा कोण मोठा होता ज्याच्यासाठी विंटनसारख्या माणसाने शनिवार मोडला, असे त्यांनी ओरडून विचारले. मी तुझे नाव घेण्यासाठी तोंड उघडले होते, आत्या. खरेच उघडले होते. तर बाबा मागून उठले आणि मॅजिस्ट्रेटना अदबीने म्हणाले की, साक्षीदार त्या वेळी जन्मलेलीही नव्हती, तिला जे ठाऊक असेल ते ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्ट पुराव्यात येत नाही. पत्र माझे आहे. कोणासाठी लिहिले ते मी सांगणार नाही. मग त्यांनी विचारले की साक्षीदाराला आता जाता येईल का. मॅजिस्ट्रेट नकळत त्यांनाच साहेब म्हणाले.

मागच्या गुरुवारी हार्टफर्डला मतदान झाले. बाबांचे नाव अकरा मतांनी पडले. कील यांनी नव्या न्यायाधीशाचे अभिनंदन सर्वांत आधी केले, असे ऐकते. ते चरित्र मी पुरे केले नाही. गावात निम्मे लोक आम्हाला पाहून रस्ता बदलतात, आणि मिसेस टटल त्यांतल्या प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्या आजोबांबद्दल काही तरी सांगतात.

पण माझा संशय संपला नव्हता, हे तुला सांगायला हवे. तू पाठवलेल्या पानावर दोन गोष्टी आहेत, आणि तू मला एकीचाच अर्थ सांगितलास. परवा मी ते पान बाबांपुढे ठेवले आणि विचारले की त्या सकाळी राज्यपालांच्या मंडळात कोणत्या कागदावर सही केली. मला वाटले की पुन्हा करपलेल्या भाकरीबद्दल बोलतील. मग त्यांनी सांगितले.

ते इथे लिहिणे माझ्या हातात आहे, पण माझ्या हक्कात नाही. एवढेच लिहिते की तेवीस वर्षे ते गप्प राहिले ते तुझ्या अब्रूसाठी असे तू समजत आलीस, मीही समजले. ते स्वतः म्हणाले की तेवढेच कारण नव्हते. शिपाई कोणाकोणाच्या दारात पाठवायचे याची एक यादी होती, त्या सकाळची सही तिच्याखाली आहे, आणि तिच्याविषयी त्यांना तुझ्याशी बोलायचे आहे.

सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या महिन्यात कोणत्याही गावी कोर्ट भरवायचे नाही. उद्या सकाळी ते घोडीवर तुझ्याकडे यायला निघत आहेत, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतील. मी तुला कळवू नये असे त्यांनी सांगितले होते. मी कळवणार असे त्यांना तोंडावर सांगितले, कारण समोरच्या बाजूला प्रकरण आधी कळले पाहिजे हे त्यांनीच मला शिकवले. ते नाही म्हणाले नाहीत.

काल ते अंगणात एकटेच काही तरी मोठ्याने म्हणून बघत होते. पहिल्या खटल्यासारखे अडखळत होते. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर उभे राहत आले. त्यांना बसायला सांगायचे की उभेच ठेवायचे, ते आता तू ठरव. मी तुझ्या बाजूने बोलणार नाही आणि त्यांच्याही नाही.

निकाल काहीही लागो, मला तुम्ही दोघेही लागता.

तुझी,
केझाया